वीस नंबरच्या सुतानं मोजलेलं न्यूयॉर्क

धाकटीचं जायचं पक्कं झालं त्या दिवशी आजीनं एकच विचारलं, “किती भाकरीची वाट हाय रं ती?”

आजीचा हिशोब असाच. एका भाकरीची वाट म्हणजे सकाळी निघायचं, दुपारी झाडाखाली खायचं, दिवस मावळायच्या आत पोचायचं. दोन भाकरीची म्हणजे मुक्काम आला. दरवर्षी सहा डिसेंबरला दादरला निघताना ती माणशी सहा भाकरी बांधायची. दोन जाताना, दोन चैत्यभूमीवर, दोन येताना. सोलापूर ते मुंबई साडेचारशे किलोमीटर, रात्रीची गाडी आठ तास, आत पाय ठेवायला जागा नाही. हे सगळं त्या सहा भाकरीत बसायचं. तेव्हा न्यूयॉर्क किती भाकरीचं, हा प्रश्न तिच्या बाजूनं अगदी बरोबर होता. उत्तर मात्र मला येत नव्हतं.

मोबाईलमध्ये बघितलं. मुंबई ते न्यूयॉर्क १२,५०० किलोमीटर. थेट विमान सोळा तास. आजीला सांगितलं. ती म्हणाली, “सोळा तासात किती भाकरी लागत्यात ते सांग.” मी म्हणालो, “विमानात देतात खायला.” तिचा विश्वास बसला नाही. आपल्या माणसाला वाटेत कोण खायला देतो, हे तिनं ऐंशी वर्षं बघितलेलं.

मित्रांनो, तुम्ही मला कवी म्हणता. मी सूतगिरणीत सायडर आहे. रिंग फ्रेमच्या दोन रांगांमधून ये-जा करायची, तुटलेला धागा सांधायचा, पुन्हा चालायचं. बारावीनंतर लागलो तो आजतागायत. जे काही वाचलं ते रात्रपाळीनंतरच्या सकाळी, तालुक्याच्या वाचनालयाच्या पायरीवर, झाडणारी बाई कुलूप काढायची वाट बघत. त्यामुळं १२,५०० हा आकडा मला नुसता आकडा म्हणून पटेना. मी त्याला माझ्या खात्यात घेऊन गेलो.

आमच्याकडं टॉवेलसाठी वीस नंबरचं सूत निघतं. सुताचा नंबर म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतात, तितका त्याचा नंबर. वीस नंबर म्हणजे पौंडाला १६,८०० वार. किलोवर आणलं तर जवळजवळ ३४ किलोमीटर. भागाकार करा. न्यूयॉर्कपर्यंत सूत ताणायचं तर ३७० किलो लागेल. एवढंच. लहान टेम्पोत मावेल एवढं ओझं.

पुढं ऐका. एका चातीवर मिनिटाला विसेक मीटर सूत निघतं. आमच्या एका फ्रेमला हजार चात्या. म्हणजे मिनिटाला वीस किलोमीटर. विमान मिनिटाला पंधरा किलोमीटर जातं. १२,५०० भागिले वीस, सव्वासहाशे मिनिटं, साडेदहा तासांच्या आत. विमान अजून समुद्रावर असताना आमचं सूत न्यूयॉर्कला पोचलेलं असतं. हा हिशोब मी मस्टरच्या पाठकोऱ्या कागदावर केला आणि जॉबरला दाखवला. तो म्हणाला, “धागे तुटायलेत तिकडं, जा.”

माझ्या चालण्याचाही हिशोब काढला. आत मोबाईलला बंदी आहे, तरी चार दिवस चोरून खिशात ठेवला. एका पाळीला साधारण बारा किलोमीटर. महिन्याला पंचवीस पाळ्या. साडेतीन वर्षांत न्यूयॉर्क. मला लागून नऊ वर्षं होत आली होती. म्हणजे मी न्यूयॉर्कला चालत गेलो, परत आलो, आणि पुन्हा निम्म्याहून जास्त वाट चाललो. त्याच दोन रांगांमधून. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितोय.

वाचनालयात एक जुना पृथ्वीगोल आहे, पत्र्याचा, आफ्रिकेवर चेपलेला. खिशातलं सूत काढलं. एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणलं. मला वाटलं होतं सूत अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला जाईल, भिंतीवरच्या नकाशात दिसतं तसं. ते गेलंच नाही. ते वर सरकलं. अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक, कॅनडा, आणि मग उतरून न्यूयॉर्क. गोलावर सगळ्यात जवळची वाट ती. सपाट नकाशावर ती वाकडी दिसते. शाळेत नऊ-दहा वर्षं तो नकाशा समोर टांगलेला होता. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, सुतानं सांगितली.

प्रत्यक्षात विमानं बरोबर त्या सुतावरून जात नाहीत. वारा बघतात, परवानगी बघतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. तो जाताना तोंडावर येतो आणि येताना पाठीशी असतो. म्हणून मुंबईहून न्यूयॉर्क सोळा तास आणि न्यूयॉर्कहून मुंबई चौदा-साडेचौदा. अंतर तेच. येणं सोपं, जाणं अवघड. वाऱ्याचं असं आहे. आपल्याकडं उलटं होतं. बाबासाहेबांना बघा.

४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला रामजीबाबा वारले होते. घरात तसं मरण होऊन चार-पाच महिने झालेले, आणि बावीस वर्षांचा पोरगा बोटीत बसला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कला उतरला. महिन्याहून जास्त वाट. त्या वेळी ठरलेल्या वेळेला माणसं घेऊन जाणारं विमान जगात कुठंच नव्हतं. तसली पहिली विमानसेवा १ जानेवारी १९१४ ला अमेरिकेतच, फ्लोरिडात सुरू झाली, तीही एका खाडीपलीकडं वीसेक मिनिटांची. कोलंबियात त्यांना वसतिगृहात जागा मिळाली. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी मित्राबरोबर ते राहिले. आपण कुणाशेजारी झोपतो, कुणाच्या ताटाशेजारी जेवतो, ह्याचा तिथं प्रश्न आला नाही.

आता येणं. न्यूयॉर्कहून १९१६ ला लंडन, लंडनहून ऑगस्ट १९१७ ला मुंबई. लढाई चालू होती. सामान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली होती, ती बोट समुद्रात बुडाली. माणूस वाचला. सप्टेंबरात करारापोटी बडोद्याला नोकरीवर गेला. मुंबई ते बडोदा चारशे किलोमीटरसुद्धा नाही. न्यूयॉर्कमध्ये खोली मिळालेल्या माणसाला बडोद्यात खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. ह्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्यात, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या नावानं त्या छापल्या गेल्या. व्हिसाची वाट बघणं. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा व्हिसा म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. धाकटीचा व्हिसा लागेपर्यंत माहीत झालं.

तर बाबासाहेब तीच वाट पुन्हा गेले, १९५२ ला. कोलंबियानं ५ जूनला त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. ह्या खेपेला विमानानं. महिन्याची वाट काही दिवसांत आली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला लोकसभेच्या निवडणुकीत मुंबईनं त्यांना पाडलं होतं, आणि तिकडं न्यूयॉर्कनं व्यासपीठावर बोलावलं. मुंबईहून दादर लांब की न्यूयॉर्क लांब, तुम्हीच सांगा. तेव्हा आपल्या देशाचं विमान न्यूयॉर्कला जातही नव्हतं. एअर इंडियाचं पहिलं विमान ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. न्यूयॉर्कला जायला १४ मे १९६० उजाडला. जेट विमान, तरी लंडनला थांबूनच. मध्ये कुठं न उतरता जाणं तर ह्या शतकातलं.

धाकटी न उतरता गेली नाही. थेट विमानाचं तिकीट महाग. दुबईवरून स्वस्त पडलं. मुंबई ते दुबई १,९०० आणि काही किलोमीटर, तीन तास. तिथं अडीच तास बसायचं. दुबई ते न्यूयॉर्क ११,००० किलोमीटर, चौदा तास. सगळे मिळून साडेएकोणीस.

पण तिचा प्रवास साडेएकोणीस तासांचा होता असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. तिची सरकारी शिष्यवृत्ती होती. त्या शिष्यवृत्तीसाठी कागद. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जातीच्या दाखल्याचा खरेपणा सांगणारा दाखला, आजाचा शाळा सोडल्याचा दाखला. आजा शाळेत गेला होता म्हणून सुटलो. नसता गेला तर शाळेत न गेल्याबद्दल आम्ही कुणाचा दाखला आणणार होतो? आमच्या वस्तीपासून ते कार्यालय ये-जा ऐंशी किलोमीटर. मी अकरा खेटे घातले. आठशे ऐंशी किलोमीटर. त्याला सात महिने लागले. एका खेपेला साहेब जेवायला गेले होते, एका खेपेला शिक्का गेला होता. शिक्का कुठं जेवायला गेला होता ते कळलं नाही.

विमान तासाला नऊशे किलोमीटर जातं. आमचा कागद सात महिन्यांत आठशे ऐंशी गेला.

तिकिटाचे पैसे मंजूर होते, हातात यायचे होते. विमान ठरल्या दिवशी उडणार होतं. गिरणीतून उचल घेतली, आईनं बचत गटातून काढले, मामानं शेळ्या विकल्या. ते पैसे सरकारकडून परत आले ते ती तिकडं जाऊन दुसरं सत्र लागल्यावर. शेळ्या परत आल्या नाहीत.

ऑगस्ट २०२३. आम्ही चौघं तिला पोचवायला मुंबईला गेलो. आजीनं कडक भाकरी केल्या होत्या, चुलीवर, दोन दिवस लागून. आमच्या सोलापूरकडची कडक भाकरी महिना-दीड महिना टिकते. वाजते. आजीनं अखेर आपल्या मनानं हिशोब लावला होता. चाळीस भाकरी आणि शेंगाची चटणी. धाकटी म्हणाली, “आजी, तेवीस-तेवीस किलोच्या दोनच बॅगा नेता येतात.” आजी म्हणाली, “मग पुस्तकं काढ.” शेवटी वीस भाकरी गेल्या, चादरीच्या घडीत, मोडू नयेत म्हणून.

विमानतळाच्या दारात शिपाई उभा. तिकीट असेल तोच आत. तिनं पासपोर्ट दाखवला, तो म्हणाला, जाइये मॅडम. आईनं माझा हात घट्ट धरला. मॅडम. आमच्यातल्या कुणाला कुठल्याही दारात असं कधी म्हटलेलं नव्हतं. काचेतून ती बरीच लांबपर्यंत दिसत राहिली. पहाटे साडेचारला विमान होतं. आम्ही बाहेर फुटपाथवर बसून राहिलो, एक विमान गेलं की आई म्हणायची, “हेच का?” मी म्हणायचो, “हेच असेल.” असं पाच-सहा विमानांना झालं.

त्याच दिवशी दुपारी अडीच वाजता ती न्यूयॉर्कला उतरली. तिथल्या दुपारी. आमच्याकडं मध्यरात्र होती. साडेएकोणीस तास गेले आणि घड्याळात दहाच तास सरले. उरलेले साडेनऊ कुठं गेले, असं आईनं विचारलं. मी तिला वाटीत लिंबू घेऊन, बॅटरीच्या उजेडात पृथ्वी फिरवून दाखवली. आईला समजलं. ती म्हणाली, “म्हंजे आपला दिस आधी उगवतो.” होय म्हणालो. “मग आपण मागं कसं?” ह्याला लिंबात उत्तर नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली आणि तिनं मला फार आधार दिला. रात्रपाळी अकराला लागते. अकरा म्हणजे न्यूयॉर्कची दुपार. मी पहाटे चारला फ्रेमवर डुलक्या देत असतो तेव्हा तिकडं संध्याकाळ. गिरणीतली रात्रपाळी म्हणजे सरळ न्यूयॉर्कची वेळ. माझं शरीर नऊ वर्षं त्या शहराच्या घड्याळावर चाललेलं, पगार फक्त इकडचा. पाळीच्या मधल्या सुट्टीत, बाहेर चहाच्या टपरीवर मी तिला फोन लावायचो. ती लायब्ररीच्या पायरीवर, मी टपरीच्या बाकावर, अंगावर कापसाची कणी. ती म्हणायची, “आवाज कसला येतोय?” मी म्हणायचो, “सूत निघालंय तुझ्याकडं.” ते खोटंही नव्हतं. सोलापूरचे टॉवेल अमेरिकेत जातात. पण ते बोटीनं जातात. न्हावाशेव्याहून न्यूयॉर्कला पोचायला चार-पाच आठवडे. म्हणजे बाबासाहेब १९१३ ला ज्या वेगानं गेले, जवळजवळ त्याच वेगानं आमचा माल आजही जातो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बऱ्याच बोटी सुवेझ सोडून सगळ्या आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, आणि ती वाट आणखी लांबली. माणूस आठवड्याचे तास करून बसला, टॉवेल अजून आठवडेच मोजतोय.

आता मूळ गोष्टीवर येतो. एवढा वेळ आकडे सांगत बसलो ते ह्या गोष्टीला भिऊन.

मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आजी गेली. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. त्या आठवड्यात मला दिवसपाळी होती म्हणून मी घरात होतो. चार दिवस ती नुसतं पाणी घेत होती. मी उशाशी बसलो होतो आणि तिचा श्वास थांबल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल? हिशोब केला. इकडं पहाटे चार-दहा, तिकडं आदल्या दिवशीची संध्याकाळ, पाच-चाळीस. विमानतळावर तीन तास आधी जायचं. थेट विमान मिळालं तरी साडेचौदा तास. मुंबईहून इथं आठ तास. साडेपंचवीस, तेही तिकीट त्याच क्षणी हातात असेल तर. तिकिटाला लाखाच्या वर पैसे. उन्हाळा लागलेला, मढं ठेवता येत नाही, दुपारी एकला उचलायचं ठरलं. आणि दोन दिवसांवर तिची परीक्षा.

हिशोब बरोबर होता. आजही मी तो तपासून बघतो, त्यात चूक सापडत नाही. मी आईला, मामाला, सगळ्यांना सांगितलं, धाकटीला आत्ता कळवायचं नाही. परीक्षा होऊ दे. येता तर येणार नाही, नुसती रडत बसेल. सगळे हो म्हणाले. घरात शिकलेला मी, आकडे मी सांगितलेले. कुणी उलटून विचारलं नाही.

तिसऱ्या सकाळी, म्हणजे तिची परीक्षा व्हायच्या काही तास आधी, तिचा फोन आला. चुलत्याच्या पोरानं मोबाईलवर स्टेटस ठेवलं होतं. आजीचा फोटो, हार, खाली भावपूर्ण आदरांजली. बारा हजार पाचशे किलोमीटर जायला त्या फोटोला श्वासाएवढाही वेळ लागला नव्हता.

ती रडत नव्हती. हळू आवाजात बोलत होती, शेजारी कुणी झोपलेलं असावं. ती म्हणाली, “दादा, मला यायला जमलं नसतं. मलाही येतो तो हिशोब. पण तू मला विचारलं का नाहीस?”

मी म्हणालो, “तुझ्या भल्यासाठी.”

ती म्हणाली, “हे कोण बोलतं आपल्याशी, आठवतंय का?”

आठवत होतं. सगळ्या सभांमधून मीच ते बोलत आलोय. आमच्या भल्याचं आम्हाला न विचारता कुणी ठरवायचं नाही. त्यावर माझी कविताही आहे, तुमच्यातल्या काहींना पाठ आहे. ती म्हणाली, “बाबासाहेबांच्या काळात पत्राला महिना लागायचा, कारण बोटीला महिना लागायचा. तू दोन दिवस लावलेस. त्याला काय कारण होतं?” आणि फोन ठेवला. परीक्षेला गेली. पास झाली. हे लिहायचं म्हणून लिहिलं. ती पास झाली म्हणून माझं बरोबर ठरत नाही.

पुण्यानुमोदनाला तिला मोबाईलवर दाखवलं. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं तेव्हा तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र मागाहून येत होता. आम्ही दुसऱ्या ओळीवर, तेव्हा तिची पहिली ऐकू यायची. मामा म्हणाला, “लांबून येतोय आवाज.” पुढं वर्षभर आमचं बोलणं तसंच चाललं. ती काही म्हणायची, मग मध्ये रिकामं, मग मी काही म्हणायचो.

मला वाटायचं, अंतरामुळं असेल. नाही. अंतर ऑगस्ट २०२३ लाही तेवढंच होतं.

आजीची एक आठवण त्या वर्षभरात पुन्हा पुन्हा यायची. तिच्या लहानपणी त्यांच्या गावात ओढ्याला जायची सरळ वाट मारुतीच्या देवळापुढून होती. दोनशे पावलं. आपल्या बायकांना ती बंद. वेशीच्या बाहेरून, काट्यातून, मसणवट्याच्या कडेनं वळसा. ओढा दिसतोय, पाणी ऐकू येतंय आणि डोक्यावर घागर घेऊन उलट्या दिशेला चालायचं. आजी म्हणायची, “पानी जवळच व्हतं, वाट लांब व्हती.” २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं आपल्या विमान कंपन्यांना आपलं आभाळ बंद केलं. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना मोठा वळसा पडू लागला, काहींना तेल भरायला व्हिएन्नाला उतरावं लागू लागलं. टीव्हीवर मोठमोठे लोक तावातावानं सांगत होते, किती तास वाढले, किती कोटी वाढले, हा कसला अन्याय. मी आणि आई जेवत होतो. आई म्हणाली, “आत्ता कळलं व्हय ह्यास्नी वळसा.” आणि पुन्हा जेवायला लागली. मला त्या लोकांची कीव वगैरे आली नाही, खोटं कशाला सांगू. बरं वाटलं.

मे २०२५ मध्ये धाकटीचं शिक्षण संपलं आणि ती आली. ह्या खेपेला थेट विमान, पाठीवर वारा. मी एकटाच मुंबईला आणायला गेलो. काचेच्या दारातून ढकलगाडी घेऊन बाहेर आली, बारीक झाली होती, केस कापले होते. आम्ही दोघंही काही बोललो नाही. गाडीत बसल्यावर तिनं पिशवीतून एक घडी काढली. चादरीच्या तुकड्यात अर्धी कडक भाकरी होती. वीसातली शेवटची. वीस महिने ठेवलेली, खाण्याजोगी राहिली नव्हती. ती म्हणाली, “एकोणीस मी पहिल्या दोन महिन्यांत खाल्ल्या. ही अर्धी आजी गेल्याचं कळलं त्या दिवशी खाल्ली. उरलेली ही.” आजीचा हिशोब होता, साडेएकोणीस. मला तो विमानाच्या तासांएवढाच निघाला हे मी मनात म्हटलं, तिला सांगितलं नाही. पुन्हा आकडा काढला असता तर तिनं मला गाडीतून उतरवलं असतं.

घरी आल्यावर आठ दिवस तिला रात्री झोप नाही. दिवस बुडाला की तिचे डोळे टक्क उघडे. मला साप्ताहिक सुट्टी होती, आणि लागोपाठच्या रात्रपाळ्यांमुळं मलाही झोप नव्हती. रात्री तीनच्या सुमारास मी अंगणात आलो तर ती आजीच्या बाजेवर बसलेली. वस्ती सगळी झोपलेली. कुत्रीसुद्धा. आम्ही दोघंच न्यूयॉर्कच्या वेळेवर जागे.

मी चहा केला. बसलो. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, “सांग आता. सगळं सांग. पहिल्यापासून.”

मी सांगायला लागलो. आजी चार दिवस काय घेत होती. शेवटी कुणाचं नाव घेतलं. कुणी पाणी घातलं. वस्तीतली किती माणसं आली, गावातली किती आली, कोण लांबूनच उभं राहिलं. तिरडीला कुणी खांदा दिला. मी तिच्या ऐवजी पुढं झालो होतो तेही सांगितलं. ती मध्ये कुठं बोलली नाही. शेवटी विचारलं, “वेळ काय होती नेमकी?”

“चार-दहा. पहाटेचे.”

तिनं बोटांवर मोजलं. ओठ हलत होते.

“पाच-चाळीस,” ती म्हणाली. “मी लायब्ररीतून निघाले होते. थंडी होती. खोलीवर जाऊन भात लावला.”